पुडीतलं विरजण

"तुझं ते बुरशीचं औषध पार बोगस निघालं बघ."

जुलैच्या पहिल्या रविवारी सासवडच्या पुढे मामांच्या सीताफळाच्या बागेत पाय ठेवला, तर स्वागत हे असं झालं. फळांच्या खवल्यांच्या फटीफटीत पांढरं पीठ दाटलेलं. पिठ्या ढेकूण. दोन आठवड्यांपूर्वी माझ्याच सांगण्यावरून मामांनी व्हर्टिसिलियम लेकॅनी नावाच्या, कीड मारणाऱ्या बुरशीची पावडर फवारली होती आणि ढेकणांच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

मी विचारलं, पुडी आणली कधी? "मार्चमधी. दोनावर एक फुकट होती." ठेवली कुठं? शेडमध्ये, खताच्या गोण्यांवर. शेड पत्र्याचं. फवारली किती वाजता? "गडी दहाला येतात. मग दहा-साडेदहाच की." आणि पंप? पंपातून आदल्या दिवशी डाळिंबावर ताम्रयुक्त बुरशीनाशक मारलेलं. "विसळला होता की रे."

मी मामींकडे वळलो. "मामी, विरजणाची वाटी एप्रिल-मेभर पत्र्याखाली ठेवली, मग ते उकळत्या दुधात घातलं आणि वर फिनेलचे चार थेंब टाकले, तर दही लागेल का हो?"

"दही कसलं लागतंय," मामी म्हणाल्या, "मांजरसुद्धा तोंड लावायचं नाही."

मामांच्या पुडीचं नेमकं हेच झालं होतं. मी पुण्यात एका दूध प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो, दिवसभर दुधातले आणि दह्यातले जिवाणू मोजतो. शेतीतला तज्ज्ञ मी नाही. पण जिवंत सूक्ष्मजीव कशानं जगतो आणि कशानं मरतो, हे रोज डोळ्यांसमोर असतं. त्यामुळे लोक 'जैविक औषध मारलं, फरक पडला नाही' म्हणतात तेव्हा माझा पहिला संशय 'मारलं' या शब्दावर जातो. कीटकनाशक मारतात. बुरशी अळीला लावायची असते, दुधाला विरजण लावतात तशी. लावली की तिचं ती बघते, मात्र तिला जगायला जे लागतं ते मिळालं पाहिजे.

पुडीत असतं काय? बहुतेक वजन शंखजिऱ्याच्या भुकटीचं. ती नुसती वाहक. तिच्यात मिसळलेले असतात बुरशीचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी म्हणा. बिव्हेरिया, मेटारायझियम, व्हर्टिसिलियम या कीड मारणाऱ्या बुरशींच्या पावडरीत दर ग्रॅमला किमान दहा कोटी जिवंत बीजाणू असावेत, असं सरकारी नोंदणीचं मानक आहे. ट्रायकोडर्माच्या पावडरीत ग्रॅमला किमान वीस लाख. पुडीवर हा आकडा 'सीएफयू' या अक्षरांपुढे छापलेला असतो. सीएफयू मोजायचा म्हणजे पावडर पाण्यात पातळ करत न्यायची, तिचा थेंब खाद्य घातलेल्या काचेच्या बशीत पसरायचा आणि तीन-चार दिवसांनी किती ठिपके उगवले ते मोजायचे. जिवंत बीजाणू उगवून ठिपका होतो, मेलेला उगवतच नाही. आणि पंचाईत अशी की बीजाणू मेले तरी पावडर तशीच दिसते. रंग तोच, वजन तेच, वास तोच. पत्र्याखाली दोन महिने भाजून निघालेल्या पुडीवर दहा कोटींचा आकडा ठसठशीत छापलेला असतो आणि आत निव्वळ शंखजिरं उरलेलं असतं.

मामांच्या पुडीतली चिमूटभर पावडर मी पुण्याला घेऊन आलो. कुकरमध्ये ज्वारी शिजवली, दोन काचेच्या बरण्यांत घातली, एकीत मामांची पावडर आणि दुसरीत नव्या पुडीतली. तोंडाला कापसाचे बोळे लावले. पाचव्या दिवशी नव्या पुडीच्या बरणीत ज्वारीच्या दाण्यांवर म्हाताऱ्या माणसाच्या दाढीसारखी पांढरी लव आली होती. मामांच्या बरणीत एका कोपऱ्यात कुठली तरी काळपट बुरशी आली होती, तीही बहुधा आमच्या स्वयंपाकघरातलीच. (हा खेळ जिवंत-मेलं ओळखण्यापुरता ठीक. घरी अशी ज्वारी वाढवून शेतात टाकायला काही लोक शिकवतात, मला ते पटत नाही. शिजलेल्या ज्वारीवर कुठलीही बुरशी येते, आणि त्यातल्या काही माणसाच्या फुप्फुसाला वाईट असतात.)

किडीला रोग लावायची ही कल्पना निघाली रेशीमकिड्यांपासून, म्हणजे ज्या किडीला लोकांना जगवायचं होतं तिच्यापासून. इटलीत रेशीमकिडे पांढरे पडून खडूसारखे कडक होऊन मरत. अगोस्तिनो बास्सी या संशोधकानं वर्षानुवर्षं त्याचा माग काढला आणि १८३५ साली दाखवून दिलं की ही एका जिवंत बुरशीची लागण आहे, मेलेल्या किड्यावरची पांढरी भुकटी निरोगी किड्याला लागली की तोही मरतो. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो हे सिद्ध करून दाखवणाऱ्यांत हा माणूस अगदी पहिला. लुई पाश्चर रेशीमकिड्यांच्या रोगाकडे वळला तो तीस वर्षांनी. बास्सीच्या नावावरूनच त्या बुरशीला बिव्हेरिया बॅसियाना म्हणतात, आणि आज कृषी सेवा केंद्रात 'बिव्हेरिया द्या' म्हटलं की जी पुडी हातात येते ती हीच.

मग १८७९ मध्ये ओडेसाच्या परिसरात गव्हावर भुंगेऱ्यांचा धुमाकूळ चालला होता. तिथं इल्या मेचनिकोव्ह या प्राणिशास्त्रज्ञानं उलटा विचार केला. रेशीमकिड्याला रोग होऊ नये म्हणून बास्सी झटला, मग गव्हाच्या भुंगेऱ्याला मुद्दाम का लावू नये? त्याला भुंगेऱ्यांवर हिरवी बुरशी सापडली, आजची मेटारायझियम ॲनिसोप्लिए. पुढे पांढऱ्या पेशी जंतूंना कशा गिळतात या शोधासाठी त्याला १९०८ चं नोबेल मिळालं. उतारवयात तो लोकांना सांगत सुटला की दीर्घायुष्य हवं तर आंबवलेलं दूध प्या. म्हणजे माझ्या धंद्याचा आणि मामांच्या पुडीचा मूळपुरुष एकच निघाला. मामींना हे सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की दही खा हे सांगायला नोबेल कशाला लागतं.

आता बुरशी किडीला मारते कशी ते बघू. सगळं इथूनच उलगडतं.

बीजाणू उडत येऊन किंवा फवाऱ्याबरोबर किडीच्या अंगावर बसतो आणि चिकटतो. हवेत भरपूर ओल असेल तर तो फुगतो आणि त्यातून मूग मोडावा तसा एक बारीक कोंब निघतो. हा कोंब अंगावर सरपटत जागा शोधतो, एका ठिकाणी टोक फुगवून घट्ट धरतो आणि दुहेरी हल्ला चढवतो. एकीकडे दाब देऊन घुसायचं, दुसरीकडे कातडी विरघळवणारी विकरं सोडायची. किडीचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं असतं, त्या दोन्हींना पचवणारी विकरं या बुरशीकडे असतात. आत शिरल्यावर ती किडीच्या रक्तात सुटी सुटी होऊन वाढते, तिच्या अंगातला अन्नसाठा खाते, विषारी द्रव्यं सोडते. कीड सुस्त होते, खाणं सोडते आणि साधारण चार ते दहा दिवसांत मरते. त्यानंतर हवा दमट असेल तर बुरशी आतून बाहेर येते आणि मेलेल्या अंगावर नव्या बीजाणूंची भुकटी धरते. बिव्हेरियाची पांढरी, मेटारायझियमची हिरवी. ही भुकटी वाऱ्यानं, पावसाच्या थेंबानं शेजारच्या किडीवर जाते. कुठलंही रासायनिक औषध स्वतःची पिल्लं घालत नाही, हे करतं.

श्रावणाच्या आसपास पाऊस लागून राहिला असेल तर सोयाबीनच्या किंवा मक्याच्या शेतात खाली बसून बघा. पानाला पकडून ठेवल्यासारखी एखादी अळी दिसेल, कडक झालेली, आधी पांढरी आणि दोन दिवसांनी पोपटी. आमच्या शेजारचे एक आजोबा ती बघून 'कोणी चुना टाकला रे पानावर' म्हणाले होते. ती मेटारायझियम रिलेयी नावाची बुरशी असते. फवारायला कोणी गेलेलं नसतं, रानातच असते ती, आणि पावसाळ्यात अळ्यांमध्ये साथ पसरवते. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मक्यात शिरली. तेव्हा पोंग्यात, म्हणजे मक्याच्या शेंड्याच्या सुरळीत, बसलेल्या त्या अळीवर हीच बुरशी वापरायच्या शिफारशी आल्या.

बुरशी किडीच्या कातडीतून शिरते, ही गोष्ट ध्यानात राहिली की अर्ध्या चुका टळतात. पिठ्या ढेकूण, मावा, तुडतुडे, पांढरी माशी या सगळ्या रस शोषणाऱ्या किडी. त्या पान खात नाहीत, पानात सोंड खुपसून आतला रस ओढतात. पानाच्या वर तुम्ही जे काही शिंपडलंय ते त्यांच्या तोंडात जातच नाही. अंगावर पडलं तरच काम होतं. म्हणून त्यांच्यासाठी बुरशी.

पान कुरतडून खाणाऱ्या अळीसाठी मात्र दुसरा रस्ता मोकळा आहे, तिच्या पोटातून.

बीटी हे नाव महाराष्ट्रात सगळ्यांच्या ओळखीचं, पण कपाशीमुळे. मूळ बीटी हा मातीत सापडणारा एक जिवाणू, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता याला तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला, पुन्हा रेशीमकिडेच. दहा वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर याला पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला, आणि ते पीठ थुरिंगिया भागातलं म्हणून तसं नाव पडलं. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं विक्रीचं औषधही निघालं होतं. हा जिवाणू बीजाणू धरताना शेजारी प्रथिनाचा एक स्फटिक तयार करतो. अळीनं पानासोबत तो खाल्ला की तिच्या आतड्यात तो विरघळतो, कारण अळीचं आतडं चांगलंच अल्कधर्मी असतं, साबणाच्या पाण्यासारखं. विरघळलेलं प्रथिन तिथल्याच विकरांनी कापलं जातं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक खुंट्यांना अडकतं आणि पेशींना भोकं पाडतं. काही तासांत अळीचं खाणं बंद होतं आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतात म्हणून लोक वैतागतात. त्या जिवंत असतात खऱ्या, पण पान खात नसतात. अळ्या मोजण्यापेक्षा पानावरची नवी भोकं मोजावीत.

माणसाचं पोट आम्लधर्मी आहे आणि त्या खुंट्या आपल्या आतड्यात नाहीत, त्यामुळे आपल्याला तो स्फटिक म्हणजे साधं प्रथिन. मधमाशीलाही अळ्यांवरच्या बीटीचा त्रास होत नाही. त्याच जिवाणूचा इस्रायलमध्ये सापडलेला एक भाऊबंद डासांच्या अळ्यांवर चालतो, पण तो कोबीवरच्या अळीवर चालत नाही. एकेका वाणाची एकेका गटाशी गाठ. बीटी कपाशीत जिवाणू नसतो. त्याच्या त्या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलेलं असतं आणि झाडच प्रथिन बनवतं. २००२ साली तिला भारतात परवानगी मिळाली, पुढे गुलाबी बोंडअळी तिला पचवायला शिकली. जैविक फवारणीलाही हा धोका आहेच. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगानं हवाईत बीटीच्या फवाऱ्यालाच दाद देणं सोडलं होतं, ते १९९० मध्ये नोंदलं गेलं. 'नैसर्गिक आहे, कितीही वापरा' असं कोणी दुकानदार म्हणाला तर हे आठवावं.

विषाणूचं काम याहून अचाट. हरभऱ्यावरच्या घाटेअळीला एक विषाणू होतो, शेतकरी त्याला सरळ एचएनपीव्ही म्हणतात. हा विषाणू प्रथिनाच्या गोळीत बसून असतो, द्राक्षाच्या पेटीत घड पॅक करावेत तसा. अळीच्या अल्कधर्मी पोटात पेटी विरघळते, विषाणू मोकळा होतो, आतड्यातून शरीरभर पसरतो. पाच-सात दिवसांत अळी आतून अक्षरशः पाणी होते. मरण्याआधी ती झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि मागच्या पायांनी धरून उलटी लटकते. कातडी फाटते आणि आतलं विषाणूंनी भरलेलं पाणी खालच्या पानांवर ओघळतं. ती पानं बाकीच्या अळ्या खातात. अळीला वर चढवण्यात विषाणूचा हात असतो. जिप्सी मॉथ नावाच्या पतंगाच्या अळीत २०११ साली असं दिसलं की विषाणूचं एक जनुक अळीचं कात टाकण्याचं संप्रेरक निकामी करतं, त्यामुळे ती कात टाकायला खाली न उतरता वरच चरत राहते. मला विचाराल तर भुताटकीच्या गोष्टींपेक्षा हे जास्त अंगावर येतं.

या विषाणूची मात्रा 'एलई'मध्ये सांगतात, हेक्टरला २५० एलई. एक एलई म्हणजे रोगानं मेलेल्या एका पूर्ण वाढलेल्या अळीतून निघतो तेवढा विषाणू, सहा अब्ज गोळ्या. म्हणजे अडीचशे अळ्यांचा अर्क एका हेक्टरला पुरतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो झपाट्यानं मरतो, म्हणून द्रावणात थोडी कपड्यांची नीळ आणि गूळ घालायची शिफारस असते. नीळ त्याच्यावर छत्री धरते, गुळानं तो पानाला चिकटतो आणि अळीला चव लागते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही गावठी युक्ती वाटली होती. विद्यापीठांच्या शिफारशीतच आहे ती.

उसातल्या हुमणीचं प्रकरण वेगळं, कारण ती मातीत. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसतात, पाला खातात, मग जमिनीत अंडी घालतात. अंड्यातून निघालेली, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी पावसाळाभर उसाची मुळं खाते. वरून ऊस पिवळा पडेपर्यंत कळत नाही आणि तोवर हातानं ओढला तरी उपटून येतो. जमिनीत रासायनिक औषध सगळीकडे पोचवणं कठीण, पण बुरशीला माती म्हणजे माहेर. ऊन नाही, ओल आहे, गारवा आहे. म्हणून शेणखतात मेटारायझियम मिसळून मुळांजवळ द्यायची पद्धत आहे. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं या कामात बराच वाटा उचलला आहे. तिथं कीड खाणाऱ्या सूत्रकृमींवरही काम चालतं. हे धाग्यासारखे सूक्ष्म कृमी हुमणीला शोधत जातात, तिच्या अंगात शिरतात आणि आपल्या पोटात पाळलेले जिवाणू आत सोडतात. मारतो तो जिवाणू, मेजवानी दोघांची.

पुणेकरांना बहुधा माहीत नसतं की या विषयातली कितीतरी माणसं आपल्याच गावात बसलेली आहेत. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात जैविक कीड नियंत्रणाच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, जिथं नावातच रसायन आहे तिथं, मेटारायझियमवर वर्षानुवर्षं काम झालं. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र द्राक्षावरच्या भुरीसाठी, म्हणजे पानाफळांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी, ॲम्पेलोमायसिस नावाची बुरशी सांगतं. ही भुरीच्या बुरशीवर जगणारी बुरशी, चोराच्या घरात शिरलेला चोर. द्राक्षवाले हे मनापासून ऐकतात, कारण २०१० मध्ये एका वाढ नियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती आणि ती आठवण अजून ताजी आहे. काढणी आठवड्यावर आली असताना बहुतेक रासायनिक फवारण्या करता येत नाहीत, जैविक करता येते.

ट्रायकोडर्माबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. ती किडीसाठी नाही, हे मात्र सगळ्यांना माहीत नाही. ती मातीतल्या रोगकारक बुरशींना वेटोळे घालून खाते आणि मुळाभोवतीची जागा आधीच अडवून बसते. कांद्याच्या रोपवाटिकेत रोपं कोलमडणं, हरभऱ्यातली मर, मूळकूज यांसाठी ती पेरणीच्या आधी बियाण्याला चोळायची, साधारण किलोला चार-पाच ग्रॅम, किंवा मुरलेल्या शेणखतात वाढवून द्यायची. रोग लागल्यावर आळवणी करून, म्हणजे मुळाशी तिचं पाणी ओतून, फारसं हाती लागत नाही. शेतात शिरलेल्या चोराला बाहेर काढण्यापेक्षा आधी राखणदार बसवणं तिला जमतं.

आता मामांच्या चुकांकडे येतो, कारण त्या एकट्या मामांच्या नाहीत.

ऊन आणि कोरडी हवा या बुरशीच्या मुळावर उठलेल्या असतात. सकाळी दहाला फवारलेला बीजाणू दुपारपर्यंत भाजतो. संध्याकाळी पाचनंतर फवारला तर रात्रभराची ओल आणि अंधार मिळतो, तेवढ्यात तो कोंब काढून आत शिरतो, आणि एकदा आत शिरला की मग ऊन त्याचं काही करू शकत नाही. सगळा खेळ त्या पहिल्या रात्रीचा. म्हणून पुणे भागात जून ते ऑक्टोबर हा या बुरशींचा हंगाम. एप्रिलच्या कोरड्या हवेत ती मारणं म्हणजे पैसे शिंपडणं. पॉलिहाऊसवाल्यांचं गणित वेगळं, त्यांच्याकडे आत दमटपणा हातात असतो.

पंपातलं बुरशीनाशक तर सरळसरळ आत्मघात. बुरशी वापरायची आणि बुरशीनाशकाच्या पंपातून. दोन्हींत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवावं आणि जमलं तर जैविकाचा पंपच वेगळा ठेवावा. पाणीही बघावं, टाकीत ब्लीचिंग पावडर पडत असेल तर ते पाणी नको. आणि किडीचं वय. घाटेअळी करंगळीएवढी झाल्यावर विषाणू फवारला तर ती मरेपर्यंत घाटे खाऊन मोकळी होते. अळी बारीक असताना, म्हणजे दिसते न दिसते तेव्हा फवारणी करायची असते, त्यासाठी कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर ओढणाऱ्या सापळ्यात, किती पतंग येतायत ते रोज बघावं लागतं. हे कष्टाचं काम आहे आणि 'जैविक म्हणजे सोपं' असं कोणी विकत असेल तर तो शेतात गेलेला नाही.

बाजारातही गडबड आहे. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखाली या पुड्यांचीही नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक, सीएफयू, बनवल्याची आणि मुदत संपल्याची तारीख, कोणत्या पिकावर कोणत्या किडीसाठी, हे पुडीवर छापलेलं असलंच पाहिजे. हे काहीच नसलेल्या, नुसतं झाडाचं हिरवं पान आणि 'ऑरगॅनिक' छापलेल्या बाटल्या भरपूर मिळतात. माझी एक साधी कसोटी आहे. बाटलीवर जैविक लिहिलंय आणि रात्रीत सगळ्या किडी आडव्या झाल्या, तर खुश होऊ नका. त्यात गुपचूप रसायन घातलेलं असण्याची शक्यता जास्त. जिवंत बुरशी एवढी घाई करत नाही.

आणि एक, शेजारी तुतीची बाग असेल तर बिव्हेरिया आणि बीटी दोन्हींचं नाव काढू नका. ज्या रेशीमकिड्यानं बास्सीला ही बुरशी दाखवली त्याला ती आजही तितक्याच आनंदानं मारते. पावडर हाताळताना तोंडाला फडकं बांधावं. ती आपल्याला रोग लावत नाही सहसा, पण कोट्यवधी बीजाणू फुप्फुसात ओढायची गरज काय?

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मामांनी पुन्हा फवारलं. नवी पुडी, तारीख बघून घेतलेली. शेजाऱ्याचा नवा पंप उसना आणला. लिटरला पाच ग्रॅम, सोबत थोडं स्टिकर, म्हणजे फवारा चिकटवणारं द्रव, कारण ढेकणाच्या अंगावरचं मेण पाणी धरू देत नाही. ढगाळ संध्याकाळ, साडेपाच वाजलेले. गडी निघून गेले होते, त्यामुळे मामा आणि मी दोघंच. त्याआधी मी खोडांना ग्रीस लावलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधल्या होत्या, कारण मुंग्या ढेकणांचा गोड चिकटा खायला येतात, त्यांना फांदीफांदीवर फिरवतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकतात.

दहा दिवसांनी गेलो तर पहिल्या नजरेत काहीच बदललेलं नव्हतं. सीताफळं तशीच पांढरी. मामांचा चेहरा पडला. ढेकूणही पांढरा आणि बुरशीही पांढरी, लांबून कळणार कसं? मी एका फळावरचा ढेकूण अंगठ्याच्या नखानं दाबला. जिवंत असता तर गुलाबीसर ओल नखाला लागली असती. हा मात्र वाळक्या पापुद्र्यासारखा तुटला, आत कोरडी भुकटी. दुसरा दाबला, कोरडा. तिसरा ओला. मामा चष्मा लावून स्वतः बसले आणि एकेका फळावरचे दाबत सुटले, "मेला... मेला... हा जित्ता हाय... मेला..." असं मोठ्यानं म्हणत. सगळे मेले नव्हते. खालच्या दाट फांद्यांत जास्त मेले होते, उन्हाच्या बाजूला शेंड्याकडे बरेच जिवंत. दुसरा फवारा लागणार होता.

उरलेली अर्धी पुडी मामांनी या वेळी शेडमध्ये नेली नाही. घरातली सगळ्यात गार जागा म्हणून ती माठाच्या मागे नेऊन ठेवली. संध्याकाळी मामींना ती सापडली. तिथंच शेजारी त्यांची विरजणाची वाटी असते. त्यांनी पुडी उचलून मामांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुमचं विरजण तुमच्या कपाटात ठेवा."